मी हातांवर बसायचो

आमच्या भागात आजार दिसावा लागतो. ताप आला तर अंगाला हात लावून बघता येतं. गळू झालं तर चार माणसं वाकून बघतात आणि प्रत्येक जण वेगळा पाला सांगतो. पाय मोडला तर विचारूच नका, त्या माणसाची चैन असते. माझ्या आजाराला असलं काहीच नव्हतं. मी जेवत होतो, चालत होतो, अंगानं चांगला दांडगा होतो आणि तरी आजारी होतो. त्यामुळे माझी कीव करावी की कानाखाली वाजवावी हे कोणाला कळत नव्हतं, आणि घरातल्या बहुतेकांनी आलटून पालटून दोन्ही केलं.

लिहायचं कारण असं झालं. मध्यंतरी शेलूबाजारच्या बाजारात वांगी विकत बसलो होतो. एक बाई वांगी निवडता निवडता शेजारणीला सांगत होती की तिची पोरगी, चौदा वर्षांची, चुलीपाशी जात नाही, कंदील हातात धरत नाही, धाकट्या भावाला कडेवर घेत नाही, आणि विचारलं तर नुसती रडते. मला राहवलं नाही. तागडी खाली ठेवून मी म्हणालो, "बाई, तिले भलते इचार येत असतीन. मले भी येत होते."

बाई आधी दचकली, मग खालीच बसली. बाजार उठेपर्यंत मी तिला माझी सगळी हकीकत सांगितली. जाताना ती म्हणाली, "भाऊ, हे लिहून द्या ना. तिचा बाप माह्या तोंडून आयकत नाई, पण कागदावरचं आयकते." तर हे त्या बापासाठी, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी.

विहीर

वऱ्हाडातल्या मालेगावाबाहेर, वाशीमच्या रस्त्याला लागून आमचा भाजीचा मळा. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सगळी भिस्त विहिरीवर. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट आहे. मी पंधरा वर्षांचा होतो, मराठी सातवी पास झालो होतो आणि बाबांनी मोट माझ्या हाती दिली होती. आमच्यात पोराच्या हाती मोट आली की त्याला माणसांत धरतात. मी मोठ्या ऐटीत होतो.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीत चामड्याची मोट सोडलेली असते आणि तिचा जाड दोर, म्हणजे नाडा, बैलांच्या जुवाला बांधलेला असतो. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर येते आणि पाणी पाटात पडतं. मग बैल मागे मागे सरकत पुन्हा विहिरीच्या तोंडाशी येतात. खाली जाताना हाकणारा ताणलेल्या नाड्यावर बसतो, म्हणजे त्याचं वजनही ओढायच्या कामी येतं. हा झोका फुकटचा, त्यामुळे घरातलं पोरगं मोटेभोवती घुटमळतंच. आमच्या घरात हे काम माझी बहीण भागी करायची. सात वर्षांची, पुढचे दात पडलेली, एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. लाल्या आणि चांद्या हे आमचे बैल माझं जितकं ऐकत त्याच्या निम्मंही ती ऐकत नसे. पण माझा जीव होता तिच्यावर.

एका सकाळी ती विहिरीच्या काठाशी उभी राहून मोट बुडताना बघत होती. मोट पाण्यात शिरताना जो आवाज होतो तो तिला फार आवडायचा. मी तिच्या मागेच होतो. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला: ढकल.

बस, एवढाच. मला तिचा राग आला नव्हता. उलट थोड्याच वेळापूर्वी तिनं तिच्या वाट्याचा गूळ मला तोडून दिला होता. तो विचार कुठून आला ते मला ठाऊक नाही. बैल तसेच सोडून मी मळ्याच्या टोकापर्यंत पळत सुटलो. मागून भागी ओरडत होती, "भाऊ, काहून पळून राह्यला? साप हाये काय?"

"व्हय," मी म्हणालो, "साप हाये."

बाबांनी आणि गड्यानं दुपारपर्यंत काठ्या घेऊन तो साप शोधला.

आत्याबाईचं निदान

दुसऱ्या दिवशी तोच विचार. त्याच्या पुढच्या दिवशी तर विहीर दिसायच्या आधीच तो हजर. मग मी मोटेवरून निसटायला कारणं काढू लागलो. पोट दुखतं, डोळ्यात कचरा गेला, लाल्या लंगडतो. लाल्या बिचारा जन्मात कधी लंगडला नव्हता.

शेवटी आत्याबाईनं निदान केलं. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घरातलं देवाधर्माचं सगळं तिच्या हातात होतं.

"ह्या पोट्ट्यावर आसराईची नजर पडली," ती म्हणाली. "विहिरीपाशीच घाबरते थो. तुमाले दिसत नाई काय?"

पाण्यात सात आसरा राहतात आणि एखादं पोर त्यांच्या मनात भरलं की त्या त्याला बोलावतात, असं आमच्याकडे मानतात. विहिरीच्या काठावरचे शेंदूर लावलेले सात दगड त्यांचेच. आत्याबाईनं त्यांना हिरव्या बांगड्या, खण आणि दहीभात वाहिला आणि मला ताकीद दिली की आसराईचं मन फिरेपर्यंत विहिरीकडे बघायचंसुद्धा नाही.

तिनं ते मायेपोटी केलं. मला तर त्या दिवशी इतकं हलकं वाटलं की मी आपणहून तिच्या पाया पडलो. पण सगळ्यात मोठी चूक तीच झाली. विहीर बंद झाल्यावर तो विचार माझ्या मागोमाग घरात आला. मला मेथीच्या जुड्या बांधायला बसवलं, तर शेजारी माय विळीवर भाजी चिरत होती. डोक्यात आलं: विळी. तिथून उठून अंगणात गेलो तर भिंतीला कुऱ्हाड टेकलेली. मग रॉकेलची चिमणी, मग वरवंटा. आमच्या साध्या भाजीवाल्याच्या घरात इतकी हत्यारं आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं.

शेवटी मी गोठ्यात एका बाजेवर जाऊन बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. हात असे दाबून ठेवले की त्यांना काही करता येणार नाही, असा माझा विचार. जेवायला तेवढे बाहेर काढायचो. एवढा दांडगा पोरगा आपल्याच हातांवर बसून दिवस काढतोय, हे आता आठवलं की मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं की मी खुनी आहे आणि खून व्हायचा तेवढा बाकी आहे.

भागीचे फार हाल झाले. ती परकराच्या ओच्यात बोरं घेऊन यायची आणि मी लांबूनच ओरडायचो, "जाय तिकडे! जवळ येऊ नको!" एकदा ती माझी बासरी घेऊन आली. ती बासरी तिनंच लपवली होती आणि मी त्यामुळेच रागावलोय अशी तिची समजूत झाली होती. तिनं ती दारात ठेवली आणि म्हणाली, "घे बाप्पा तुही बासरी. आता तरी बोल." मी बोललो नाही. ती गेल्यावर गव्हाणीत तोंड घालून रडलो. चांद्या माझं डोकं चाटत राहिला.

नागपूर की वाशीम

सारखे दाबून धरल्यानं हातांना मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची. एके दिवशी जेवताना माझ्या हातून भाकरीचा घास गळून पडला आणि मायनं किंकाळी फोडली, "माय वं! पोराचे हात गेले!"

तिच्या या ओरडण्यानं घराच्या जिवात जीव आला म्हणायला हरकत नाही, कारण आता आजार दिसत होता. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, धावत आले. त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं.

"हातबीत काई नाई गेले," ते म्हणाले. "डोस्कं गेलं त्याचं. नागपूरले येड्याच्या दवाखान्यात नेऊन टाका. उद्या कोनाचा जीव घेतला तं मंग?"

त्यांना माझ्या मनातलं काही माहीत नव्हतं. उगाच तोंडाला येईल ते बोलले. पण मला वाटलं, यांनाही दिसतंय. नागपूरच्या त्या दवाखान्याच्या भिंती उंच आहेत आणि आत गेलेला माणूस परत येत नाही, असं मी ऐकलेलं होतं. तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं की आपण तोंड उघडलं की नागपूर. म्हणून मी तोंडच बंद केलं.

बाबा मुळात कमी बोलायचे. त्यांनी भावाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पयले वाशीमले नेतो. हाताचं पाहू. डोस्क्याचं मंग पाहू."

"आन् वाशीमच्या डाक्तरनं भी नागपूरच सांगतलं तं?"

बाबा उठून बैलांना कडबा टाकून आले. मग म्हणाले, "तं नेईन."

निदानाचा दिवस

उजाडता उजाडता बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, जुंपली. कडब्यावर मी, माझ्याखाली माझे हात, शेजारी माय. मालेगाव ते वाशीम हा रस्ता तेव्हा कसा होता हे माझ्या हातांना विचारा.

दवाखान्याचे डॉक्टर पुण्याकडचे. ठेंगणे, टक्कल पडलेले, धोतरावर कोट घालून सायकलवर हिंडणारे. गावात त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे. त्यांनी माझे हात समोर धरायला लावले आणि एकेका बोटाला टाचणी टोचली. मी दरवेळी ओरडलो.

"हात उत्तम आहेत," ते म्हणाले. "माझ्या हातांपेक्षा चांगले. मग या हातांवर बसायचं कारण काय?"

इतके दिवस घरातलं प्रत्येक माणूस मला म्हणत होतं की हातांवर बसू नको. का बसतोस, हे कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण तोंड उघडलं नाही.

डॉक्टर बाबांकडे वळले. "हाताचा आजार नाही. पण आजार आहे, हे सोंग नाही. मुलाला थोडे दिवस इथे राहू द्या."

"नागपूरले न्या लागते काय?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"अजून तरी नाही," डॉक्टर म्हणाले.

मायला ते ऐकून हायसं वाटलं. मला मात्र त्यातलं 'अजून तरी' तेवढंच ऐकू आलं.

लांब खोली

दवाखान्यात रोग्यांसाठी एक लांब खोली होती. सकाळी फिनाइलनं फरशी पुसायची, मग कंपाउंडर बाटल्या घेऊन फिरायचा. बाटल्यांत दोनच रंग, गुलाबी आणि पांढरा, आणि गुलाबी ज्याला मिळायचं तो स्वतःला भाग्यवान समजायचा. मग डॉक्टर यायचे. ते गेले की खरा दिवस सुरू व्हायचा, कारण सगळ्यांच्या बायका आणि आया बाहेर कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाकाला लागायच्या. मायनं येताना पोतंभर वांगी आणली होती. तिच्या भरिताचा वास खोलीत शिरला आणि त्या दिवसापासून आमची सगळ्यांशी सोयरीक जुळली.

माझ्या शेजारच्या खाटेवर मेडशीचे किसनबाबा होते. शेतातल्या जागलीच्या, म्हणजे रात्रीच्या राखणीच्या, माळ्यावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. पायाला फळ्या बांधलेल्या, पण जीभ मोकळी. मला हातांवर बसलेलं पाहून त्यांनी पहिल्याच सकाळी विचारलं, "काय गा कोंबडे, अंडे देले काय?"

सगळी खोली हसली. मायला राग आला. मला मात्र बरं वाटलं, कारण इतक्या दिवसांत माझ्याकडे बघून कोणी हसलंच नव्हतं. पुढे रोज सकाळी ते अंड्यांची चौकशी करायचे.

सायकलचं चाक

वाशीमच्या रस्त्यांवर बाभळीचे काटे फार. डॉक्टरांची सायकल रोज पंक्चर. रोज संध्याकाळी ते मागच्या अंगणात सायकल उलटी करून बसायचे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. "हात रिकामे असतील तर चाक धर."

माझे हात रिकामे नव्हते, पण डॉक्टरांना नाही कसं म्हणणार? चाक धरलं. पुढचे काही दिवस आमचं हेच चाललं. त्यांनी मला काही म्हणजे काही विचारलं नाही. ते आपले ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायचे आणि स्वतःशी बोलल्यासारखं बोलत राहायचे. वांगी महाग झाली, कंपाउंडर घोरतो, असलं काहीतरी.

एक दिवस ट्यूबवर ठिगळ दाबता दाबता ते म्हणाले, "मी शिकायला होतो तेव्हा माझ्या खोलीत एक मित्र राहायचा. गरीब माणूस. मी सकाळी वस्तऱ्यानं दाढी करायचो आणि तो समोर झोपलेला असायचा. आणि मला वाटायचं, हा वस्तरा आत्ता याच्या गळ्यावरून फिरवला तर?"

माझ्या हातून चाक सुटलं.

"नीट धर," ते म्हणाले. "मी फार घाबरलो. वस्तरा फेकून दिला. दाढी वाढली. लोकांना वाटलं, याला वैराग्य आलं."

"मंग?" किती दिवसांनी माझ्या तोंडून शब्द फुटला, आणि तोही माझा मला ओळखू आला नाही.

"मग काय? आमच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना सांगितलं. त्यांनी मला पुन्हा दाढी करायला लावली, त्याच खोलीत, मित्र समोर झोपलेला असताना. मित्र धडधाकट आहे अजून. दिवाळीला येतो आणि माझे लाडू संपवतो."

मी चाक घट्ट धरलं. मग बोललो. "मले भागीले विहिरीत ढकलाचा इचार येते. माही बहीन हाये ते. सात वर्साची."

आता आकाश कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर डॉक्टरांचा हात ठिगळावर तसाच फिरत होता.

"बरं," ते म्हणाले. "ढकलायचंय तुला?"

"नाई!" मी एवढ्यानं ओरडलो की कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"मग तो नुसता विचार आहे. माणसाच्या डोक्यात दिवसभर काय काय येतं, तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. दुसऱ्यांच्या डोक्यात येतं आणि निघून जातं. तू त्याला घाबरलास, त्याच्याशी झुंजलास, म्हणून तो मुक्कामाला राहिला. आणि एक सांगतो. ज्याला खरंच ढकलायचं असतं तो हातांवर बसत नाही. तुझा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर, म्हणून भीतीनं तिलाच धरलं."

"तं मले नागपूरले धाडत नाई?"

"कशाला? त्यांना काय कामं कमी आहेत?"

मी हसलोही आणि रडलोही. डॉक्टरांनी सायकल सरळ केली आणि मला तिच्यावर एक फेरी मारू दिली. मला सायकल येत नव्हती, हे आम्हा दोघांना थोड्या वेळानं कळलं.

हे वाचणाऱ्या पोरापोरींनो, सांगून टाकणं ही अर्धीच लढाई आहे, पण ती आधी लढावी लागते. मी तोंड उघडायला इतके दिवस लावले, तुम्ही लावू नका. ज्याला सांगायचं तो माणूस मात्र नीट निवडा. मी मोठेबाबांना सांगितलं असतं तर आज कुठे असतो कोण जाणे.

किसनबाबांची दाढी

मला वाटलं होतं, झालं, सांगितलं, आता बरा झालो. डॉक्टर म्हणाले, आता कुठे औषध सुरू. आणि माझ्या हातात त्यांनी वस्तरा दिला.

"किसनबाबांची दाढी वाढलीय. न्हावी बाजाराच्या दिवशीच येतो. तू कर."

मी वस्तऱ्याकडे बघितलं, किसनबाबांच्या गळ्याकडे बघितलं, आणि डोक्यातला विचार नाचायला लागला. मी किसनबाबांना खरं तेच सांगितलं. "बाबा, मले भलते इचार येतात. तुमी माह्या हातानं दाढी करू नका."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "तुह्या इचारानं माही मान कापली जाईन काय? मान वस्तऱ्यानं कापते. वस्तरा नीट धर, इचार करत राह्य."

डॉक्टरांनी बजावलं होतं की विचार आला तर हाकलायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, पळायचं नाही. येऊ द्यायचा आणि काम चालू ठेवायचं. मी काम चालू ठेवलं. घामानं भिजलो. अर्ध्या गालापर्यंत विचार डोक्यात थैमान घालत होता. दुसऱ्या गालाला आलो तेव्हा तो जरा मंदावला. हनुवटीपाशी जरासं कापलं आणि रक्ताचा एक थेंब आला. मी वस्तरा मागे घेतला.

"काय झालं गा?" किसनबाबा म्हणाले. "आमचा न्हावी तं दरवेळी कापते. त्याले काई इचारबी येत नाई."

घरी

निघताना मायनं डॉक्टरांकडे औषधाची बाटली मागितली. रिकाम्या हातानं पोराला परत न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, औषध विहिरीवर आहे. माय हटून बसली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठीच गुलाबी बाटली दिली. कितीतरी दिवस तिला झोप नव्हती. त्या बाटलीनं तिची तब्येत सुधारली आणि आजही ती सांगते की त्या औषधानं पोरगा बरा झाला.

बाबांना मी बंडीतच सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, मी सांगू की तू सांगशील? मी म्हणालो, मीच सांगतो. ऐकून बाबांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "म्हून हातावर बसत होता? तिले वाचवाले?" आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. मालेगाव येईपर्यंत त्यांनी एकाच हातानं कासरा धरला होता.

आत्याबाईशी भांडू नका, असं डॉक्टरांनी बाबांना मुद्दाम सांगितलं होतं. म्हणून बाबांनी तिलाच विनंती केली की बाई, तूच आसराईशी बोलणं कर. आत्याबाईनं पुन्हा बांगड्या आणि दहीभात वाहिला, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटली आणि जाहीर केलं, "सोडलं त्याईनं. जा आता विहिरीवर." पुढे मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मिळू दे त्यांना श्रेय, आपल्याला पोरगा मिळाला. मोठेबाबांना मात्र कोणीच काही श्रेय दिलं नाही, म्हणून ते थोडे दिवस रुसले होते.

मी मोटेवर परत गेलो. पहिले दिवस वाईट होते. बैल मागे सरकत काठाशी आले की विचार हजर व्हायचा. पळायचं नाही, एवढंच धरून उभा राहायचो. काही दिवस बरे जायचे, मग एखादा दिवस असा यायचा की पुन्हा गोठ्यातली बाज गाठावीशी वाटायची. बाबा काही न बोलता पाटाच्या कडेला गवत काढत बसायचे. त्यांचं तिथे असणं मला पुरायचं. हळूहळू विचार यायचा तेव्हाही मी बैलांना हाका मारू लागलो, मग गाणं म्हणू लागलो. पुढे पुढे तर तो येऊन गेलेला मला उशिरा कळायचा.

एक मात्र मी कोणाला कळू दिलं नाही. भागीला मी विहिरीवर येऊ देत नव्हतो. कधी तिला मिरच्या तोडायला लावायचो, कधी मायकडे निरोप घेऊन पाठवायचो. तिच्याशी बोलायचो, खेळायचो, पण विहिरीपासून लांब. भाजी घेऊन वाशीमला गेलो तेव्हा डॉक्टरांना मोठ्या उत्साहानं सांगितलं, की साहेब, बरा झालो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "भागी मोटेवर बसते का तुझ्याबरोबर?"

मी खाली बघितलं.

"मग अजून एवढं राहिलंय," ते म्हणाले.

भागी

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला हाक मारली. "भागे, नाड्यावर बसतं काय?"

ती मिरच्यांची पाटी टाकून धावत आली. मधेच थांबून तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, मी पुन्हा ओरडणार तर नाही ना म्हणून. मग आली आणि काठाशी उभी राहिली, आधी उभी राहायची तशीच. मोट खाली चालली होती. मी तिच्या मागे होतो.

विचार आला. येणारच होता. मी हात बाहेर, मोकळे ठेवले, आणि उभा राहिलो. मग मला वाटलं, हिच्यापासून तरी कशाला लपवायचं? इतके दिवस हिलाच तर त्रास झाला.

"भागे," मी म्हणालो, "मी तुह्यावर रागावलो नव्हतो. बासरीसाठी तं बिल्कुलच नाई. मले एक भलताच इचार येत होता. का तुले विहिरीत ढकलून द्याव. म्हून मी तुले जवळ येऊ देत नव्हतो."

तिनं वळून बघितलं. "आता भी येऊन राह्यला काय?"

"व्हय."

"हं." तिनं पुन्हा मोटेकडे तोंड केलं. "मले भी येते."

"काय?"

"इचार. तुले ढकलाचा. परवा आला होता. तू वाकून पानी पाहून राह्यला होता ना, तवा."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की असले विचार सगळ्यांना येतात. मी मान डोलावली होती, पण मनातून वाटायचं, माझं समाधान करायला म्हणतात.

"मंग?" मी विचारलं. "मंग तू काय केलं?"

"काय कराचं? मले भूक लागली होती. मी घरी गेली." मोट भरली तशी तिनं माझा हात ओढला. "चाल ना भाऊ, बस लवकर, बैल निघाले!"

मी नाड्यावर बसलो, तिला पुढ्यात घेतलं, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली गेलो.